ऑपरेशननंतरचा घाम आणि वास: आधी तो येतो कुठून ते शोधा

वाचकांचे प्रश्न

वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेनंतर काय काय त्रास होतो, याबद्दल गेल्या काही महिन्यांत बरीच पत्रं आली. त्यांतली तीन या अंकात घेत आहे. पहिलं पत्र थोडं आटोपशीर केलंय, पण त्यातला तपशील गाळलेला नाही, कारण उत्तर त्या तपशिलातच आहे.

प्रश्न: डॉक्टर मॅडम, माझं वय 43. कऱ्हाडला एका पतसंस्थेत कॅशियर आहे. नऊ महिन्यांपूर्वी पुण्याला वजन कमी करण्याचं, बायपासचं ऑपरेशन झालं. तेव्हा वजन 112 किलो होतं, आता 79 आहे. गुडघे दुखायचे थांबले, जिना न थांबता चढते, सगळे कौतुक करतात. पण तीन-चार महिने झाले, अंगाला विचित्र वास येतो. जाड होते तेव्हाही घाम यायचा, पण असा वास नव्हता. पोटाची कातडी लोंबते, तिच्याखाली सारखं ओलं असतं, लाल होतं, आग होते. मेडिकलमधून मलम आणलं, चार दिवस बरं वाटलं, परत तेच. दुपारी जेवल्यावर दोनेक तासांनी काउंटरवर बसल्या बसल्या दरदरून घाम फुटतो, हात थरथरतात. सोमवार-गुरुवार उपवास असतो, त्या दिवशी तर हमखास. मुलगी म्हणते, “आई, तुझ्या तोंडाला नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास येतो.” मागच्या आठवड्यात शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी काही न बोलता उठून खिडकी उघडली. त्या दिवसापासून माझं कामात लक्ष नाही. दिवसातून तीनदा अँटिसेप्टिक साबण लावून, घासणीने घासून आंघोळ करते. डिओ मारते. सकाळी भिजवलेली मेथी खाते. वजन परत वाढू नये म्हणून रात्रीचं जेवण बंद केलंय. थायरॉइडची 125 ची गोळी सहा वर्षं चालू आहे. पोटाची कातडी काढून टाकली तर हे सगळं थांबेल का? विम्यात बसेल का?
– एक भगिनी, कऱ्हाड

उत्तर: ताई, मी ही ऑपरेशनं करणारी डॉक्टर नाही. सांगलीत फॅमिली डॉक्टर म्हणून दवाखाना चालवते. पण ऑपरेशन पुण्या-मुंबईला होतं, पेशंट आपल्या गावी परत येतो आणि पुढची सगळी दुखणी आमच्याकडे येतात. त्यात वासाची तक्रार सगळ्यात शेवटी निघते. बीपी मोजून झालं, चिठ्ठी लिहून झाली, पेशंट दारात चपला घालते आणि तिथूनच हळूच म्हणते, “मॅडम, अजून एक विचारायचं होतं.” तुम्ही सगळं सविस्तर लिहिलंत, फार बरं केलंत.

तुम्ही अस्वच्छ नाही आहात, हे आधी सांगते. दिवसातून तीनदा आंघोळ करणाऱ्या बाईला “जरा स्वच्छता पाळा” म्हणणाऱ्याला तिची अडचण कळलेलीच नसते. तुमच्या पत्रात मला निदान चार वेगळ्या तक्रारी दिसतात. त्यांची कारणं वेगळी, वेळा वेगळ्या, अंगावरच्या जागाही वेगळ्या. तुम्ही त्या सगळ्यांवर साबण आणि डिओ हा एकच इलाज करताय, म्हणून काही हाती लागत नाही.

सगळ्यात आधी दुपारच्या घामाकडे बघू, कारण तो वासापेक्षा महत्त्वाचा आहे. बायपासमध्ये जठराचा वरचा छोटासा कप्पा वेगळा करून तो थेट लहान आतड्याला जोडतात. एरवी जठराच्या खालच्या तोंडाशी असलेली झडप अन्न थोडं थोडं पुढे सोडते. तुमच्या अन्नाच्या वाटेत आता ती झडपच नाही. त्यामुळे साखर, मैदा, साबुदाणा असं झटकन पचणारं काही खाल्लं की ते एकदम आतड्यात उतरतं, रक्तातली साखर भराभर चढते, शरीर त्यावर भरपूर इन्सुलिन सोडतं आणि एक ते तीन तासांत साखर गरजेपेक्षा खाली येते. डॉक्टर याला लेट डम्पिंग म्हणतात. साखर खाली आली की शरीर घाबरून अ‍ॅड्रेनलिन सोडतं. कपाळाला आणि मानेला गार घाम, हातांची थरथर, धडधड, डोळ्यांपुढे अंधारी हे सगळं त्याचं. खाल्ल्यावर अर्ध्या तासाच्या आतच घाम येऊन पोटात कळ आली, जुलाब झाले, तर तेही डम्पिंगच, पण लवकरचं. तुमचं वर्णन दुसऱ्या, उशिराच्या प्रकाराशी जुळतं.

उपवासाच्या दिवशी हमखास, असं तुम्ही लिहिलंय. त्या दिवशी ताटात काय असतं ते लिहिलेलं नाही, पण आपल्याकडे उपवास म्हणजे साबुदाण्याची खिचडी आणि गोड चहा, हे मी धरून चालते. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. त्यात दाण्याचं कूट असतं हे खरं, पण ते पुरत नाही. गुळाचा चहा चालतो, मध चालतो, असं पेशंट मला फार विश्वासाने सांगतात. इन्सुलिनच्या दृष्टीने गूळ, मध आणि साखर यांत फरक नाही. उपवास मोडा असं मी म्हणणार नाही. तो तुमच्या श्रद्धेचा भाग आहे. पण त्या दिवशी दही, पनीर, दाण्याची आमटी आणि तिच्यासोबत दोन-तीन चमचे भगर किंवा राजगिऱ्याची छोटी भाकरी, असं घ्या. घोट घोट ताक अधूनमधून. रोजच्या जेवणात आधी उसळ, अंडं, मासा किंवा पनीर संपवा आणि मग भाकरीकडे वळा. जेवताना पाणी नको. जेवण झाल्यावर अर्धा तास थांबून मग प्या.

घरात ग्लुकोमीटर नसेल तर आणा आणि पर्समध्ये ठेवा. घाम फुटला की त्याच क्षणी बोट टोचा. आकडा, वेळ आणि आधी काय खाल्लं होतं, एवढं वहीत लिहा. आकडा 70 च्या खाली असेल तर तीन लहान चमचे ग्लुकोज पावडर पाण्यातून घ्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा आणि बरं वाटलं की मूठभर दाणे किंवा पनीरचे दोन तुकडे खा. नुसत्या साखरेवर थांबलात तर तासाभराने तोच खेळ परत सुरू होतो. आकडा 54 च्या खाली गेला, बोलताना शब्द सुचेनासे झाले किंवा चक्कर येऊन पडलात, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. अशा वेळी गाडी चालवू नका. आणि मधुमेहाची एखादी गोळी ऑपरेशनच्या आधीपासून तशीच चालू असेल, तर ती आजच्या आज डॉक्टरांना दाखवा. तीस किलो उतरल्यावर जुन्या डोसने साखर धोक्याइतकी खाली जाऊ शकते.

घाम येतोय आणि साखरेचा आकडा मात्र व्यवस्थित आहे, असं झालं तर संशय तुमच्या थायरॉइडच्या गोळीवर. 125 मायक्रोग्रॅमचा डोस वजन जास्त असताना ठरलेला आहे. या गोळीचं प्रमाण वजनाशी जोडलेलं असतं. वजन एवढं उतरल्यावर तीच गोळी जास्त पडू शकते आणि मग उकडणं, घाम, धडधड, झोप न लागणं, हात थरथरणं ही लक्षणं दिसतात. नऊ महिन्यांत टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी, केल्याचा उल्लेख पत्रात नाही. तपासून घ्या. गोळी मनाने कमी करू नका, बंद तर मुळीच करू नका. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या थायरॉइडच्या गोळीनंतर चार तासांनी घ्यायच्या, हेही सांभाळा, नाहीतर थायरॉइडची गोळी नीट शोषली जात नाही आणि टीएसएचचा आकडा वाढलेला येतो. तुमचं वय 43 आहे. पाळी मागेपुढे होत असेल तर अचानक अंगात वाफ उठून येणारा घाम त्यामुळेही असू शकतो.

आणखी एक सांगते, तुम्हाला घाबरवायला नव्हे. रात्री अंथरूण भिजेल एवढा घाम, संध्याकाळचा बारीक ताप, दोन आठवड्यांहून जास्त खोकला, यांतलं काही असेल तर क्षयरोगाची तपासणी करून घ्यायलाच हवी. ऑपरेशन झालेल्या माणसाचं वजन उतरतंय हे सगळे गृहीत धरतात, त्यामुळे क्षयाकडे कुणाचं लक्ष जात नाही. सरकारी दवाखान्यात ही तपासणी आणि औषधं मोफत मिळतात.

आता मुलीने सांगितलेला वास. तिचं नाक तीक्ष्ण आहे. नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये जे अ‍ॅसिटोन असतं, तेच तुमच्या श्वासातून येतंय. शरीराला पिष्टमय अन्न कमी पडलं की ते साठलेली चरबी जाळतं, त्यातून कीटोन तयार होतात आणि अ‍ॅसिटोन श्वासातून बाहेर पडतं. त्याला साबण, डिओ, बडीशेप काही करू शकत नाही. ऑपरेशननंतरच्या पहिल्या काही महिन्यांत तो बहुतेकांना येतो आणि खाणं वाढत जाईल तसा जातो. तुमचा नवव्या महिन्यातही टिकलाय, कारण तुम्ही रात्री जेवत नाही. दुपारपासून दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत पोट रिकामं. रात्री थोडं का होईना खा: एक वाटी मुगाचं वरण आणि चतकोर भाकरी, किंवा एक अंडं आणि शिजवलेली भाजी. दिवसाला निदान 60 ग्रॅम प्रथिनं पोटात जायला हवीत आणि रात्र उपाशी काढून ती जाणार नाहीत. एका अंड्यात साधारण 6 ग्रॅम असतात, 100 ग्रॅम पनीरमध्ये 18 च्या आसपास, म्हणजे हिशेब तुमचा तुम्हाला करता येईल. पाणी दिवसभरात दीड ते दोन लिटर, पण घोट घोट. तोंड कोरडं पडलं की वास दुप्पट होतो.

इथे एक धोक्याची सूचना. मधुमेहासाठी डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन या जातीची गोळी चालू असेल, आणि असा वास येत असताना उलट्या, पोटदुखी किंवा धाप सुरू झाली, तर सकाळची वाट न बघता दवाखान्यात जा. त्या अवस्थेत रक्तातली साखर फारशी वाढलेली दिसत नाही, म्हणून घरचे गाफील राहतात.

मेथी थोडे दिवस बंद करून बघा. मेथीत सोटोलोन नावाचं द्रव्य असतं, ते घामातून आणि लघवीतून बाहेर येतं आणि पाकासारखा गोडूस, उग्र वास देतं. कपडे धुतले तरी तो काखेशी रेंगाळतो. आठ-दहा दिवसांत फरक पडला तर एक कोडं सुटलं. कच्चा लसूणही असाच श्वासातून आणि कातडीतून येत राहतो, तेव्हा लसणाची चटणी त्याच दिवसांत बाजूला ठेवा.

आता पोटाखालची जागा. अंगावरचा खरा वास मला वाटतं इथेच तयार होतोय, आणि तुमचे सगळ्यात जास्त हालही इथेच होतायत. ताज्या घामाला जवळजवळ वास नसतो. कातडीवरचे जंतू घामातल्या द्रव्यांवर वाढतात, तेव्हा वास सुटतो. त्यांना लागतं काय? ओल, ऊब आणि बंद जागा. जाड असताना पोट भरलेलं, ताठ होतं. आता आतली चरबी गेली आणि कातडी कातडीवर पडते. दोन्हीमध्ये हवा जात नाही, चालताना घर्षण होतं, कातडी सोलवटते आणि त्यावर बुरशी धरते. तुम्ही घासणीने घासता तेव्हा ती सोलवटलेली कातडी आणखी सोलते. ती घासणी आजपासून बंद. अँटिसेप्टिक साबणही बंद. साधा सौम्य साबण, तोही हाताने, दिवसातून दोनदा पुरे.

आंघोळीनंतर काय करायचं ते बारकाईने सांगते, कारण सगळं यावरच आहे. टॉवेलने पुसू नका. धुऊन धुऊन मऊ झालेल्या जुन्या सुती साडीचा तुकडा घ्या आणि टिपून घ्या. मग पलंगावर उताणं पडा, दोन्ही हातांनी पोटाची घडी वर उचलून धरा आणि पंख्याचा वारा तिथे पाच मिनिटं लागू द्या. बोट लावून बघा, बोट सरकायला हवं, चिकटायला नको. बेंबी विसरू नका. कातडी लोंबल्यावर बेंबी खोल जाते आणि तिच्यात मळ साठतो. कापसाचा ओला बोळा फिरवायचा, मग कोरडा. एवढं झालं की क्लोट्रिमाझोल 1 टक्का मलमाचा अगदी पातळ थर, सकाळ-रात्र, निदान दोन आठवडे, आणि लाली गेल्यावरही पुढे आठवडाभर. मलम मुरलं की त्याच मऊ सुती कापडाची पट्टी घडीत नुसती ठेवायची. बांधायची नाही. ती ओल पिऊन घेते आणि कातडीला कातडी लागू देत नाही. पतसंस्थेत जाताना पिशवीत आणखी दोन पट्ट्या न्या आणि दुपारी जेवायच्या सुट्टीत बदला. स्तनांखाली आणि जांघेतही हेच. पावडर ओल्या जागी टाकू नका, तिचे गोळे होतात आणि ते टोचतात.

मेडिकलमधून आणलेल्या मलमाचं खोकं बघा. त्यावर क्लोबेटासोल, बेटामेथासोन किंवा तत्सम स्टेरॉइडचं नाव असेल तर ते आजच बंद करा. अशा मलमांनी चार दिवस आग थांबते, लाली जाते, आतून बुरशी मात्र पसरत राहते. पुढे कातडी पातळ होऊन पांढरे-लाल चट्टे पडतात, ते जन्माचे. 2018 साली केंद्र सरकारने अशी स्टेरॉइडची मलमं चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत असं केलं, तरी ती काउंटरवरून सर्रास मिळतात. माझ्या दवाखान्यात जांघेतल्या नायट्याचे जे हाल झालेले पेशंट येतात, त्यांतल्या बहुतेकांच्या पिशवीतून हेच मलम निघतं. याचा मला मनापासून संताप येतो. दोन आठवडे क्लोट्रिमाझोल लावूनही फरक पडला नाही, पू आला, ताप आला, किंवा काखेत-जांघेत ठणकणाऱ्या गाठी परत परत होऊ लागल्या, तर त्वचारोगतज्ज्ञांकडे जा.

काखेसाठी डिओ म्हणजे बहुतांशी अत्तरच. त्याने घाम थांबत नाही. दुकानात अँटिपर्स्पिरंट असं लिहिलेलं मागा, त्यात अ‍ॅल्युमिनियमचा क्षार असतो, तो घामाच्या ग्रंथींची तोंडं तात्पुरती बंद करतो. तो सकाळी घाईत लावायचा नसतो. रात्री झोपताना, पूर्ण कोरड्या काखेत लावायचा, तेव्हाच तो मुरतो. तुरटीचा खडा ओला करून फिरवला तरी बऱ्यापैकी काम होतं. सोललेल्या कातडीवर मात्र दोन्ही नकोत.

कपड्यांबद्दल तुम्ही लिहिलं नाहीत, पण मी विचारणारच. जुनेच ब्लाउज शिलाई आत घेऊन वापरताय ना? काखेतल्या शिवणीत आणि अस्तरात जुना घाम बसलेला असतो, अंगाची ऊब लागली की वास परत उठतो. ते उलटे करून, पाण्यात थोडं व्हिनेगर घालून अर्धा तास भिजवा, मग धुवा आणि उलटेच उन्हात घाला. तरीही वास राहिला तर तो ब्लाउज टाकून द्या. ब्रा जुन्या मापाची असेल तर स्तन खाली येऊन कातडीला कातडी लागते. वजन अजून उतरणार म्हणून नवीन घेत नाही, असं बायका म्हणतात. दोनच घ्या, पण आजच्या मापाच्या घ्या. परकराची नाडी नेमकी पोटाच्या घडीवर आवळली जाते आणि घाम तिथेच कोंडतो. रुंद पट्ट्याचा परकर शिवून घ्या. पावसाळ्यात आतले कपडे दमट राहतात, ते इस्त्रीने कोरडे करूनच घाला.

कातडी काढण्याचं ऑपरेशन आत्ता नको. वजन निदान सहा महिने एका जागी स्थिर राहिलं पाहिजे आणि ते साधारणपणे बायपासनंतर वर्ष-दीड वर्षाने होतं. आधी केलं तर वजन आणखी उतरून कातडी परत लोंबते. हिमोग्लोबिन आणि प्रथिनं कमी असतील तर जखमही लवकर भरत नाही. विम्याचं म्हणाल तर केवळ दिसण्यासाठी केलेल्या ऑपरेशनचा खर्च सहसा मिळत नाही. पण ते वैद्यकीयदृष्ट्या गरजेचं आहे असं उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी लिहून दिलं, तर दावा करायची वाट मोकळी राहते. म्हणून आतापासून कागद जमवा: घडीतल्या संसर्गाचे तारखेसकट फोटो, प्रत्येक वेळची चिठ्ठी, त्वचारोगतज्ज्ञांचा शेरा. ऑपरेशनने पोटाखालची ओल जाईल. दुपारचा घाम आणि श्वासाचा वास त्याने जाणार नाही.

खिडकीबद्दल. या ऑपरेशननंतर बऱ्याच जणांना वास पूर्वीपेक्षा तीव्र जाणवतात, स्वतःचाही. त्या बाईंना उकडत असेल, किंवा वास आला असेल, दोन्ही शक्य आहे. तुमच्याशी खरं बोलणारी मुलगी घरात आहे. तिला सांगून ठेवा, वास आला तर सांग आणि नाही आला तर तेही सांग. तेवढ्यावर विश्वास ठेवा. दर दहा मिनिटांनी स्वतःचा वास घेत बसू नका.

प्रश्न: वय 29, खराडीला आयटीत आहे. चार महिन्यांपूर्वी स्लीव्ह, म्हणजे जठर कापून लहान करण्याची शस्त्रक्रिया झाली. घाम ठीक आहे, पण गॅसेसचा वास इतका घाण येतो की लिफ्टमध्ये जायची भीती वाटते. तोंडालाही आंबूस वास येतो. प्रोटीन पावडर दिवसातून तीनदा दुधातून घेतो आणि दिवसभर शुगर-फ्री च्युइंग गम चघळतो.
– पुण्याहून

उत्तर: कारणं तुम्हीच लिहिली आहेत. ऑपरेशननंतर काहींना दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, पचेनाशी होते. दूध आणि त्यात साधी व्हे पावडर (दुधाच्या निवळीपासून केलेली प्रोटीन पावडर), म्हणजे लॅक्टोज दुहेरी. दोन आठवडे पावडर पाण्यातून घ्या आणि आयसोलेट प्रकारची घ्या, तिच्यात लॅक्टोज फार कमी असतं. दही-ताक सहसा चालतं. शुगर-फ्री गममध्ये सॉर्बिटॉल असतं, त्याने गॅस होतो, शिवाय चघळताना हवा गिळली जाते. गम बंद करा. एवढं करूनही फरक नसेल, पोट फुगत असेल, जुलाब होत असतील, तर आतड्यात जंतूंची वाढ झाली आहे का ते तुमच्या सर्जनना विचारा. त्यावर औषध आहे. शौच तेलकट, पाण्यावर तरंगणारं होत असेल तर तेही सांगा, म्हणजे स्निग्ध पदार्थ पचत नाहीयेत.

आंबूस वासाचं पहिलं कारण स्लीव्हनंतर वर येणारं आम्ल. स्लीव्हमध्ये जठराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग काढून टाकतात, उरलेल्या अरुंद नळीत दाब वाढतो आणि बऱ्याच जणांना छातीत जळजळ सुरू होते. रात्रीचं जेवण झोपण्याआधी तीन तास, उशाकडची बाजू उंच, आणि जळजळ रोजची असेल तर सर्जनना दाखवा. मेडिकलमधून अँटासिड आणून महिनेच्या महिने काढू नका. सकाळी जीभ टंग क्लीनरने साफ करा आणि दंतवैद्याला एकदा दाखवून घ्या. ऑपरेशनच्या गडबडीत दातांकडे कुणी बघत नाही.

प्रश्न: माझ्या पत्नीचं आठ महिन्यांपूर्वी ऑपरेशन झालं. ती आता खूप आनंदी आहे. पण तिच्या अंगाला वास येतो आणि तिला तो कळत नाही. लहानपणापासून तिने जाडीवरून टोमणे ऐकलेत. मी सांगितलं तर ती मोडून पडेल अशी भीती वाटते. आई मात्र अधूनमधून नाक मुरडते. काय करू?
– चिपळूणहून एक वाचक

उत्तर: सांगा, आणि आईंनी सांगायच्या आत तुम्ही सांगा. दोघंच असताना, दिवसाउजेडी. रात्री अंथरुणावर नको, ते तिला नाकारल्यासारखं वाटेल. कुठल्या कार्यक्रमाला निघतानाही नको. एक साधं वाक्य पुरे: “तुझी कातडी सैल झाली आहे, तिथे ओल राहते आणि मला थोडा वास येतो. ऑपरेशननंतर असं होतं, आपण त्याचं काहीतरी करू.” गोलगोल बोलून, अत्तराची बाटली भेट देऊन सुचवू नका. ते बायकांना लगेच कळतं आणि जास्त लागतं.

मग खरंच हातभार लावा. पाठीवर, कमरेच्या मागे ज्या घड्या पडतात तिथे तिचा स्वतःचा हात पोचत नाही. आंघोळीनंतर त्या टिपून कोरड्या करायच्या आणि मलम लावायचं, हे काम तुमचं. वर कऱ्हाडच्या ताईंना घडीची जी निगा सांगितली, ती दोघांनी वाचा. तुमच्याकडे पाऊस जास्त, हवा दमट, कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत, तेव्हा पंख्याखाली कपडे वाळवणं आणि इस्त्री करणं हेही तुमच्याकडे घ्या.

आईंना मात्र स्पष्ट सांगा की तिच्यासमोर नाक मुरडायचं नाही. इतकी वर्षं टोमणे ऐकलेली बाई अशा वेळी खाणं कमी करते, पाणी कमी करते, आणि मग वासही वाढतो. ती ऐकून रडली तर रडू द्या, समजूत घालण्याच्या नादात “नाही, नाही, वास येतच नाही” असं म्हणू नका. सर्जनकडच्या पुढच्या तपासणीला तिच्यासोबत जा. तिथे हा विषय काढायला ती कचरेल. तिला चालणार असेल तर तुम्हीच काढा, आणि पोटाची घडी डॉक्टरांना प्रत्यक्ष बघायला सांगा.